बाईची ओळख इंग्रजीत लिहिताना

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुण्यात हल्ली बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा, कार्यक्रमाची निमंत्रणं सगळं इंग्रजीतच असतं आणि त्यात बाई आली की 'मिसेस अमुक' नाहीतर 'वाइफ ऑफ तमुक', मग तिने आयुष्यभर कॉलेजात शिकवलं असो नाहीतर स्वतःचा दवाखाना चालवला असो. लग्न, घटस्फोट, नवरा जाणं, दरवेळी तिची ओळख नव्याने लिहायची आणि पुरुष मात्र जन्मभर 'मिस्टर', हे मला मनापासून खटकतं. बाईचं लग्न झालंय की नाही हे न सांगणारं 'मिझ' (Ms.) तर अमेरिकेच्या सरकारी छपाई खात्याने १९७२ मध्येच मान्य केलं, आपल्याकडच्या कित्येक फॉर्मवर अजून तो पर्यायच नसतो.

खरा त्रास कागदपत्रांचा. डिग्री माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, मग काढत बसा अ‍ॅफिडेव्हिट. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाहीये, पासपोर्टसाठीसुद्धा नाही, तरी घरचे आणि ऑफिसवाले ते गृहीतच धरतात.

आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, नाव लग्नात बदललं, पण १८८६ ला पेनसिल्व्हेनियात त्या डॉक्टर झाल्या ती ओळख त्यांनी स्वतः कमावली. म्हणून विनंती आहे की आपल्या पेपरनेही परिचय देताना आधी बाईचं काम लिहावं, नाव तिला विचारून छापावं, जुनं नाव गरज असेल तरच द्यावं, आणि नवऱ्याचा उल्लेख बातमीशी संबंध असेल तेव्हाच करावा.

एक वाचक, कोथरूड, पुणे