आमची अळी कोणत्या रकान्यात बसते, तेवढं सांगा

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी चारशे किलो अळी मी स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरली. बीएसएफची, म्हणजे ब्लॅक सोल्जर माशीची, कोंबड्यांच्या आणि मासळीच्या खाद्यासाठी पाळलेली. अळी वाळवायला ड्रायर नाही आणि ती काळी पडू लागली, की थांबत नाही, कोषात जाते.

ड्रायरच्या अनुदानासाठी अर्ज केला होता. नवा जोडधंदा करणाऱ्याला मदत मिळेल, असं मेळाव्यात सांगितलं होतं. सात महिन्यांनी अर्ज परत आला, ‘सदर व्यवसाय यादीत नाही.’ एका कार्यालयात म्हणतात, कीटक आहे, कृषीकडे जा. तिथे म्हणतात, कोंबडीचं खाद्य आहे, पशुसंवर्धनकडे जा. अकरा हेलपाटे झाले, साहेब. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे पडून आहेत.

आम्ही हातावर हात धरून बसलो नव्हतो. आधी जिवंत अळी गावरान कोंबडीवाल्यांना दिली. ती चार गावांपलीकडे जात नाही. वाळवली, तर तीन किलोची जेमतेम किलोभर उरते, पण टिकते. मग दळली. सुक्या अळीत जवळपास तिसरा हिस्सा तेल, त्यामुळे जात्यात लगदा झाला आणि पूड खवट निघाली. घाण्यावर तेल काढलं, तेव्हा कुठे ती बोटांतून मोकळी सुटली. त्या दिवशी घरात पेढे वाटले.

आता खाद्य कारखाना म्हणतो, प्रत्येक पोत्यात प्रथिनं सारखी हवीत. रास्तच आहे. कोबीच्या पाल्यावरची अळी आणि कोंड्यावरची अळी एक नसते. पण प्रयोगशाळा विचारते, कोणत्या निकषावर तपासू? मी काय सांगू?

युरोपने कीटकांचं प्रथिन माशांच्या खाद्यात 2017 मध्ये आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात 2021 मध्ये मान्य केलं. त्याच 2021 मध्ये आपल्याकडे कोंबडीखाद्यातली सोयापेंड भडकली, तर परदेशातून 12 लाख टन पेंड आणायला परवानगी मिळाली. मोठ्यांची नड दिल्लीपर्यंत पोचते. माझ्या ड्रायरचा कागद तालुका ओलांडत नाही. भाषणात जोडधंदा करा म्हणायचं आणि केला की रकाना नाही म्हणायचं, हे आम्ही किती वर्षं सोसायचं?

अळीपालन यादीत घ्या. खाद्याचा निकष ठरवा. ड्रायर गटाने घ्यायलाही आम्ही तयार आहोत.

परवा नवी अंडी फुटतील. पंधरा-अठरा दिवसांत अळी काढणीला येईल. त्याआधी उत्तर पाठवा.

आपला,
एक अळीपालक, जि. सातारा