मंत्री महोदय, कायद्यातला तो ‘निपुण माणूस’ मीच आहे

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: हार्वेस्टरच्या मागे तणस (धानाचा पेंढा) पसरवणाऱ्या यंत्राला पेटंट नाकारल्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात सव्वीस वर्षांपासून वेल्डिंगचं दुकान चालवतो. ट्रॉल्या, नांगराचे फाळ, शटर, विहिरीवरचे पिंजरे, आणि हंगामात हार्वेस्टरची दुरुस्ती, हे माझं काम. पेटंटचं खातं आपल्याकडे येतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

गेल्या गुरुवारी माझा अर्ज फेटाळल्याचा आदेश ईमेलवर आला. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. भाचा नागपूरला वकिली शिकतो, त्यानं रात्री बसून एकेक ओळ समजावून दिली. अकराव्या पानावर एक काळपट फोटो आहे. धानाची बांधी, हार्वेस्टरचा मागचा भाग, आणि बनियनवर वाकून नट आवळणारा एक माणूस, पाठमोरा. खाली लिहिलंय की हे यंत्र अर्जाच्या तारखेआधीच जगजाहीर होतं, आणि त्याचा हा पुरावा. साहेब, त्या फोटोतली पाठ माझी आहे. माझ्याच यंत्राविरुद्ध मलाच पुरावा म्हणून उभं केलं आहे.

आधी यंत्र काय आहे ते सांगतो, कारण चौदा पानांत ते कुणी समजून घेतल्याचं दिसत नाही.

हार्वेस्टर चौदा फूट रुंद धान कापतो, पोटात चुरतो, दाणे टाकीत घेतो आणि चौदा फुटांचं सगळं तणस मागे चार-पाच फुटांच्या पट्ट्यात टाकत जातो. आमच्याकडे धान उभं असतानाच, कापणीच्या पंधरा-एक दिवस आधी, ओलीवर लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकतात. उतेरा म्हणतात त्याला. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. गरीब माणसाचं दुसरं पीक ते, डाळ घरात येते आणि जमिनीला नत्र मिळतं. हार्वेस्टर गेला की पट्ट्याखालची लाखोळी दबते. आठ दिवसांनी तणस उचलून बघा, खाली पांढरट-पिवळे, वाकडे कोंब दिसतात. मग शेतकरी पट्टा पेटवतो, त्यात कडेची धड लाखोळीही जळते. तणस जनावरांसाठी गोळा का करत नाही, असं शहरातली माणसं विचारतात. मजूर मिळत नाही म्हणून तर हार्वेस्टर लावला ना!

तणस पसरवायला मागे दोन तबकड्या लावायच्या, एकमेकींच्या उलट्या फिरणाऱ्या, हे मी शोधलं असं मी कधीच म्हटलं नाही. अडचण वाऱ्याची आहे. बाजूनं वारा आला की हलकं तणस एका अंगाला ढिगानं पडतं आणि दुसरं अंग उघडं राहतं. आडवा पत्रा हातानं फिरवून ते दुरुस्त करता येतं, पण ड्रायव्हरला तासाचे पैसे मिळतात, तो प्रत्येक फेरीला खाली कशाला उतरेल? म्हणून मी ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचं रबर उभं टांगलं. वारा त्याला ढकलतो, मोटारसायकलच्या क्लचची वायर तो ढकला आडव्या पत्र्यापर्यंत नेते आणि पत्रा आपोआप वाऱ्याच्या विरुद्ध वळतो. वीज नाही, सेन्सर नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. पहिल्या हंगामात मशीनच्या थरथरीनं रबर नुसतं फडफडलं आणि पत्रा वेड्यासारखा हलत राहिला. दुसऱ्या हंगामात वजन लावलं, तर झुळूक येऊन गेल्यावर पत्रा वळायचा. तिसऱ्या हंगामात मोटारसायकलचा जुना शॉकअप लावला, तेव्हा थरथर थांबली. पण रबर तबकड्यांचाच वारा पकडतंय, हे चौथ्या हंगामात कळलं, कारण तबकड्या बंद केल्या की सगळं बरोबर चालायचं. मग रबर दीड फूट पुढे नेलं, वायरची लांबी बदलली, शॉकअप पुन्हा सैल केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये यंत्र पहिल्यांदा पूर्ण जमलं. त्या दिवशी तणस या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सारखं पडलं. चौथ्या दिवशी त्यातून लाखोळी वर आलेली मी मोजली, हाताच्या वितीनं जागा आखून.

आता आदेश काय म्हणतो? पेटंट कायद्याच्या कलम ३(फ) प्रमाणे ही माहीत असलेल्या वस्तूंची नुसती जुळवाजुळव आहे. तबकड्या एका परदेशी पेटंटात, वाऱ्याप्रमाणे वळणारा पत्रा दुसऱ्या परदेशी पेटंटात, दोन्ही एकत्र करणं त्या कामातल्या निपुण माणसाला सहज सुचलं असतं.

महोदय, कलम ३(फ) मी भाच्याकडून तीनदा वाचून घेतलं. ज्या वस्तू एकमेकींशी संबंध न ठेवता आपापलं काम करतात, त्यांच्या जुळवणीला ते लागू आहे. माझ्या यंत्रात तबकडीचा वारा रबराला बिघडवतो आणि रबराची जागा शॉकअप किती घट्ट हवा ते ठरवते. एक भाग हलवला की बाकी सगळे पुन्हा बसवावे लागतात. आपापलं काम करणाऱ्या वस्तू असत्या तर माझे चार हंगाम कशाला गेले असते?

आणि तो निपुण माणूस! आदेशात त्याचा सात वेळा उल्लेख आहे. कोण आहे तो? मोहाडी, तुमसर, पवनी, लाखनी, कुठल्याही तालुक्यात हार्वेस्टर बिघडला की ज्याला रात्री दोन वाजता फोन जातो, तो माणूस मी आहे. त्याला काय सहज सुचतं ते मला विचारा. मला चार वर्षं सुचलं नव्हतं.

आदेशात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा निकाल दिला आहे, मिर्झापूरच्या भांड्यांच्या लेथचा. वर्कशॉपमधली नुसती सुधारणा म्हणजे शोध नव्हे, त्याहून अधिक काही हवं, असं त्यात आहे. निकाल मला मान्य आहे. पण तुमच्या अधिकाऱ्यांनी त्यातला ‘वर्कशॉप’ एवढाच शब्द उचलला. वर्कशॉपमध्ये झालं म्हणजे ते कमीच, असं तिथं लिहिलेलं नाही. आमचा शोध प्रयोगशाळेत कसा लागणार? आमच्याकडे वर्कशॉपच आहे, तेही टिनाचं. कायद्याच्या कलम २ मध्ये शोधाची पायरी, म्हणजे शोध जुन्याच्या किती पुढे गेला ते, मोजताना आर्थिक महत्त्वही बघायला सांगितलं आहे. लाखोळीचं अख्खं पीक वाचतं, हे आर्थिक महत्त्व नाही का? त्यावर चौदा पानांत एक ओळ नाही.

एक आक्षेप मात्र मला पटला होता. तणस पसरवायच्या पद्धतीवरही आम्ही हक्क मागितला होता, तो कलम ३(ह) प्रमाणे काढायला सांगितला, कारण शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. बरोबरच आहे. शेती करायची रीत कुणाच्या मालकीची नसावी. मी तो हक्क त्याच दिवशी सोडला. लोखंडावर मात्र मी हक्क सांगतो.

आता व्हिडिओचं. शेजारच्या पोरानं चाचणीच्या वेळी अडतीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि मला न विचारता इंटरनेटवर टाकला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, कौतुकानं टाकला. जानेवारी २०२० मध्ये एका कृषी प्रदर्शनात मला शाल-श्रीफळ मिळालं. व्यासपीठावरचे मोठे साहेब माइकवर म्हणाले, ताबडतोब पेटंट घ्या, शासन तुमच्या पाठीशी आहे. खाली पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्याच मंडपात एका कारखान्याची दोन माणसं माझ्या यंत्राभोवती दोन तास टेप लावून मापं घेत होती. मी त्यांना चहा पाजला.

मी अर्ज ऑगस्ट २०२० मध्ये केला. मध्ये काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, नागपूरच्या पेटंट एजंटचं ऑफिस बंद, माझं दुकान बंद, धान मंडीत पडून. पुढे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर त्याच कारखान्यानं कलम २५ खाली विरोध दाखल केला आणि तो व्हिडिओ पुढे केला.

कलम ३२ सांगतं की यंत्राचा स्वभावच असा असेल की चाचणी उघड्यावर घ्यावी लागेल, तर अर्जाआधीच्या एका वर्षातल्या वाजवी चाचणीनं हक्क जात नाही. हार्वेस्टर मी घराच्या माळ्यावर चालवणार होतो का? कलम २९ सांगतं की माझ्याकडून घेतलेली गोष्ट माझ्या संमतीशिवाय कुणी प्रसिद्ध केली आणि मी जमेल तितक्या लवकर अर्ज केला, तर तेवढ्यानं नावीन्य बुडत नाही. आदेश म्हणतो, नऊ महिने हा उशीर आहे. टाळेबंदीचा शब्द नाही. प्रदर्शनात मांडणाऱ्यालाही कलम ३१ मध्ये बारा महिन्यांचं संरक्षण आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेलं असेल तरच. मला ज्या मंडपात शाल मिळाली तो अधिसूचित नव्हता. माइकवरच्या साहेबांना हे माहीत नसेल, तर त्यांनी मला तिथं उभं करायला नको होतं. माहीत असेल, तर आणखीच नको होतं.

सुनावणी व्हिडिओवर झाली, अकरा मिनिटं. मला मराठीत दोन वाक्यं बोलायची होती, तबकडीच्या वाऱ्याची. एजंटनं सांगितलं, तुम्ही बोलू नका, बिघडेल. पेटंटच्या नियमांप्रमाणे कागद हिंदी किंवा इंग्रजी या दोनच भाषांत द्यावे लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही गावात पेढे वाटले. त्या भाषेत एका वेल्डरला आपलं यंत्र समजावून सांगता येत नाही.

खर्चाचं सांगतो. सरकारी फी मला जड नव्हती, अर्जाचे १,६०० आणि परीक्षणाचे ४,०००. एजंट, नकाशे, उत्तरं, सुनावणी यांत लाखाच्या वर गेले. चार हंगामांचं लोखंड, डिझेल, बिघडवलेले दोन गिअरबॉक्स, परत केलेल्या ट्रॉलीच्या ऑर्डरी, असं धरलं तर साडेतीन-चार लाख. बायको म्हणते पाच. ती हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवते, पण मी ते कागद बघायचं टाळतो. यंदा दिवाळीआधी त्या कारखान्याचं यंत्र बाजारात आलं. रबराऐवजी पत्रा आहे आणि शॉकअप नवा आहे. माझ्याच गावातल्या हार्वेस्टरवाल्यानं ते विकत घेतलं. पट्टी अडकली म्हणून दुरुस्तीला माझ्या दारात आणलं. मी दुरुस्त केलं. तीनशे रुपये घेतले.

सरकारनं मार्च २०२४ मध्ये सांगितलं की एका वर्षात एक लाखाहून जास्त पेटंट दिली. त्यात शेतकऱ्याची किती, गावातल्या लोहाराची किती, तेही सांगा. माझा अंदाज आहे की ती संख्या सांगायला तुम्हाला लाज वाटेल. क्लास, जॉन डिअर अशा कंपन्या असल्याच पसरवणाऱ्या यंत्रांच्या पेटंटवरून युरोपात एकमेकींशी भांडतात, त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा आहेत. माझ्याकडे भाचा आहे, दुसऱ्या वर्षाला.

पंजाबात लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं सुपर एसएमएस, म्हणजे हार्वेस्टरच्या मागे तणस बारीक करून पसरवणारं यंत्र, काढलं आणि २०१८ साली ते तिथल्या हार्वेस्टरला सक्तीचं झालं. चांगलं झालं. काडीकचऱ्याच्या यंत्रांसाठी पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीला २०१८ ते २०२० या दोन वर्षांत ११५१ कोटी ८० लाखांची योजना आली. त्यात महाराष्ट्र नव्हता. आमच्या उन्हाळी धानाची आग मे महिन्यात लागते, धूर वैनगंगेवरून जातो, तो दिल्लीच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. मग तो धूर नाही का? आमच्या पोरांना खोकला येत नाही का? तुमच्या व्यवस्थेला दुखणं दिसण्यासाठी ते तुमच्या अंगणात यावं लागतं. हे मी रागानं लिहितो आहे आणि खोडणार नाही.

जर्मनी, चीन, जपान इथं छोट्या सुधारणांसाठी वेगळा, दहा वर्षांचा हक्क मिळतो, छोटं पेटंट म्हणा. आपल्याच मंत्रालयाच्या विभागानं मे २०११ मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं होतं. तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. आता तिचं लग्न झालं. चर्चा संपली का साहेब? तो कायदा आणा. जिल्ह्याजिल्ह्यांतली सरकारी कृषी प्रदर्शनं कलम ३१ खाली अधिसूचित करा, नाहीतर प्रदर्शनाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, की पेटंट अर्ज केला नसेल तर यंत्र आत आणू नका. सुनावणीत कारागिराला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि यंत्र लोखंडाचं असेल तर एकदा तरी कुणीतरी ते चालताना बघा. एवढंच मागतो. पैसे मागत नाही.

अपिलाला तीन महिने आहेत. पूर्वी त्यासाठी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं, आता उच्च न्यायालयात जावं लागतं. भाचा म्हणतो जायचं. बायकोनं अजून हो म्हटलेलं नाही.

माझं यंत्र दुकानामागे ताडपत्रीखाली आहे. आठवडाभरात आमच्या बांधीतलं धान निघेल, लाखोळी फेकून झाली आहे. आपण किंवा आपल्या खात्यातलं कुणी आलं, तर वाऱ्याच्या दिवशी यावं. मी सकाळी सहापासून तिथंच असतो.

आपला,
एक वेल्डर
ता. मोहाडी, जि. भंडारा