शनिवारच्या विंटर पार्क नौकाविहाराची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी दुपारी 2 च्या बोटीने जायचं ठरलं आहे. मोर्स बुलेव्हार्डच्या तळ्याकडच्या टोकाला धक्का आहे, तिथे दीडलाच जमा. बोटीत 18 जणच मावतात, म्हणून आपण दोन बोटींत बसू; आजी-आजोबा आणि लहानग्यांना पहिल्या बोटीत जागा द्या.

बोटीला छप्पर नाही. फ्लोरिडाचं उन्हाळी ऊन सोसवत नाही, तेव्हा टोपी आणि पाणी प्रत्येकाने आणाच. दुपारी गडगडाटी पाऊसही येतो. विजा दिसल्या तर आपण निघणार नाही.

1938 पासून चालत आलेली ही तासाभराची फेरी ओसिओला, व्हर्जिनिया आणि मेटलंड या तळ्यांतून जाते. पण खरी मजा मधल्या कालव्यांची! लाकडाचे ओंडके वाहून नेण्यासाठी पूर्वी खोदलेले हे कालवे फार अरुंद आहेत. दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते, मला तर कोकणातली पाणंदच आठवते. तिथे हात बाहेर काढू नका, मुलांनाही सांगा. या पाण्यात मगरीच्या जातीतले ॲलिगेटर असतात.

किती जण येणार ते गुरुवारी रात्रीपर्यंत याच ग्रुपवर कळवा. आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना नक्की आणा.