केळीला चार अंशांत ठेवू नका : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

शीतगृहांच्या अनुदानाच्या अटी ठरवताना निव्वळ टनांवर जाऊ नका, आत तापमान किती राहणार तेही विचारा. 4 अंश सेल्सिअसची खोली सफरचंदाला मानवते. केळीला तीच मारते. हिरव्या केळीला 13 ते 14 अंश लागतात. त्याखाली साल मातकट पडते, सालीखालच्या चीकवाहिन्या तपकिरी होतात आणि नंतर पिकवणीला घातली तरी केळी पिवळीधमक होत नाही. हे नुकसान खोलीत फारसे दिसत नाही. दिसते ते बाहेर काढल्यावर, आणि मग खापर फुटते पिकवणाऱ्याच्या माथी! आंब्याचेही तेच, हिरव्या आंब्याला 13 अंशांच्या आसपासच ठेवावे.

दुसरा शत्रू इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एक भाग असला तरी हिरवे फळ पिकू लागते. केळीची एक पिकलेली फणी किंवा आत फिरणाऱ्या गाडीचा धूर तेवढ्याला पुरतो. पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या इथिलीन शोषतात, पण जांभळा रंग जाऊन त्या तपकिरी झाल्या की संपल्या. फळाला लागल्या तर डाग पडतात. फळावर इथिलीनचा परिणामच होऊ न देणारा वन-एमसीपी वायू हवाबंद खोलीत 12 ते 24 तास द्यावा लागतो, तोही फळ हिरवे असतानाच. रंग फिरल्यावर दिला तर पैसे वाया. कोवळ्या केळीला दिला तर ती पुढे ठिपक्याठिपक्यांनी पिकते.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पूर्वशीतकरण, म्हणजे साठवण्याआधी फळातली शेतातली उष्णता झटपट काढून घेणे. शेतातून आलेल्या पेट्या नुसत्या थंड खोलीत रचल्या तर थप्पीच्या मधल्या पेट्या एक-दोन दिवस गरमच राहतात. फळ श्वास घेते, त्याचीही उष्णता असतेच. पंख्याने पेट्यांतून हवा ओढली तर हेच काम काही तासांत होते. मात्र पेट्यांची भोके एका रेषेत हवीत. भिंतीवरचा तापमापक खोलीची हवा सांगतो, गर नाही. टोकदार तापमापक थप्पीच्या मधल्या फळात खुपसून पाहावा.

तेव्हा अटींत एवढे घाला : वेगवेगळ्या तापमानाचे किमान दोन कक्ष, हवा ओढणारी पूर्वशीतकरणाची सोय, 90 ते 95 टक्के आर्द्रता, पिकवणीची खोली पूर्ण वेगळी आणि गराच्या तापमानाची रोजची नोंद. अनुदानाचा शेवटचा हप्ता ही नोंदवही तपासूनच द्यावा.

आपले,
काढणीपश्चात हाताळणीत काम करणारे तंत्रज्ञ