घाडग्यांच्या छातीवर पदक आलं कुठून?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१० जुलैच्या नाशिक आवृत्तीत दुसऱ्या महायुद्धातले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांची आठवण काढलीत, आभार. पण फोटो कोणाचा छापलात? त्यातल्या जवानाच्या छातीवर चक्क व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक आहे. घाडगे १९४४ च्या १० जुलैलाच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. पदक त्यानंतर जाहीर झालं आणि ते स्वीकारलं त्यांच्या पत्नीने. मग ते छातीवर लावून घाडगे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले कधी?

फोटो बहुधा नामदेव जाधवांचा असावा. तेही मराठा पलटणीचे, तेही इटलीतलेच, पदकही तेच. म्हणजे माणूसही तोच, असा हिशेब झालेला दिसतो. जाधव संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, आपल्या नाशिक–पुणे रस्त्यावरचेच म्हणा ना. त्यांनी पदक मिळवलं ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर, पहिल्या बटालियनमध्ये, आणि त्यानंतर ते १९८४ पर्यंत जगले. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, माणगाव तालुक्यातले, अवघे बावीस वर्षांचे.

घाडग्यांनी 'शत्रूवर झेप घेतली' एवढ्यावर तुम्ही बातमी आटोपलीत. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले होते, घाडगे एकटेच उभे होते. त्यांनी आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गप्प केला, मग टॉमी गनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. हे चार ओळींत बसतं. तुम्ही त्या चार ओळी मंत्र्यांच्या संदेशाला दिल्यात.

आता बातमीतली इटलीतली 'समाधी'. घाडग्यांची समाधी इटलीत नाही, कुठेच नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो युद्धस्मारकावर आहे आणि ते स्मारक मुळात ज्यांची कबर माहीत नाही अशांसाठीच उभारलेलं आहे, चार हजारांवर नावांचं. ज्या हिंदू-शीख जवानांना रीतसर अग्नी दिला गेला, त्यांची नावं संग्रो नदीकाठी आणि फोर्लीला वेगळ्या स्मारकांवर कोरली आहेत. तुम्ही ज्या चौथऱ्याला समाधी म्हटलंत ते इटलीतल्या मोंतोने गावातलं सूर्यघड्याळ आहे, २०२३ मध्ये बसवलेलं. 'आपण सारे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वचन आहे त्यावर. घड्याळाला हार घालायचा तर दसऱ्याला घालू.

शेवटी वाचकांना सल्ला दिलात, की महायुद्धांत मेलेल्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावर घरच्या पूर्वजाचं नाव टाका. टाकून पाहिलंत का? 'मराठा' लिहून पलटण सापडत नाही. त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग 'मह्रट्टा' असं, म्हणजे मधे एच आणि पुढे दोन टी. नाशिक शोधायचं तर शेवटी नुसता एस-आय-के, एच नाही. रायगड तर मिळणारच नाही, जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबा टाकावं लागतं. नाव आणि आडनावाची अदलाबदल झालेली असते, म्हणून आडनावाच्या रकान्यात एकदा पहिलं नावही टाकून पाहावं. गावाचं नाव ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. पेन्शनच्या जुन्या कागदावर शिपाई नंबर असेल तर सगळं सोडून तोच धरा. आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्यांची नावं तिथल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाच्या दगडावर शोधू नका. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचा नुसता आकडा.

ता. क. : त्याच पानावर तालुक्यातल्या शाळेच्या भिंतीवरची पहिल्या महायुद्धाची, १९१४–१९ ची संगमरवरी पाटी 'नव्या झळाळीत' म्हणून छापलीत. या पाट्यांवर मुळात नाव एकही नसतं, गावातून युद्धावर किती गेले आणि किती मेले एवढंच. ते दोन आकडेसुद्धा आता सोनेरी ऑइलपेंटने बुजवलेत. रंगाखाली दगडाला श्वास राहत नाही, भिंतीची ओल मागून येते, क्षार फुलतात आणि अक्षरांच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटतात. भोवती सिमेंटची चौकट मारली की ओल बाहेर पडायची तीही वाट बंद. अशी पाटी साध्या पाण्याने आणि मऊ नायलॉन ब्रशने, खालून वर भिजवत धुवायची. तारेचा ब्रश नको, ब्लीचिंग पावडर नको. चढलेला रंग जाणकाराकडून हळूहळू सोडवून घ्यावा लागेल. ॲसिड तर अजिबात नको, संगमरवर त्यात विरघळतो. हे आजच सरपंचांना कळवा, कारण तुमच्या फोटोत पाटीखाली फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली आणून ठेवलेली दिसते.

आपला,
एक वाचक, देवळाली कॅम्प