शेजाऱ्याचा कांदा

नैरोबी,
१२ एप्रिल २०२६

ती. आबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार. आबा, हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

कामावरचे एक गुजराती काका बुधवारी मुंबईला निघालेत. ते तिथून कुरिअर करतील म्हणाले, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले. फोनवर आपलं बोलणं म्हणजे “आवाज येतोय का” आणि “जेवलीस का” यातच संपतं. मागच्या रविवारी आबांनी माझ्या इथल्या कामाबद्दल जे विचारलं त्यावर मी “आबा, तुम्हाला नाही कळायचं” असं म्हटलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय. तुम्हाला कळणार नाही असं त्यात काहीच नव्हतं. मलाच नीट उत्तर येत नव्हतं.

आधी आईचं. मी बरी आहे. वजन कमी झालेलं नाही, त्या फोटोत उभा कॅमेरा होता. इथे बाजरीचं पीठ मिळतं, भाकरी थापते, तुझ्यासारखी फुगत नाही एवढंच. पाऊस सुरू झालाय, छत्री आहे. घराच्या दाराला तीन कुलपं आहेत.

आणि बॉर्डर म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर वाघा येतं, ते काढून टाक. मी पंधरवड्यातून एकदा जाते ते नमांगा म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं एक लहानसं गाव आहे. अर्धं केनियात, अर्धं टांझानियात. मसाई लोकांची नातीगोती दोन्हीकडे पसरलेली आणि त्यांच्या शेळ्या पासपोर्ट न दाखवता येतात-जातात. नैरोबीहून चार तासांच्या आत पोचते, रस्ता चांगला आहे, वाटेत जिराफ दिसतात आणि ते कुणाला काही करत नाहीत. ऑक्टोबरातलं म्हणशील तर तो गोंधळ टांझानियाच्या निवडणुकीवरून झाला. तिकडचं इंटरनेट बंद पाडलं होतं, म्हणून आमच्याच ड्रायव्हरांचा पत्ता लागेना. मी त्या दिवशी नैरोबीत होते. आदल्या दिवशी नमांग्यात होते, पण आदल्या दिवशी काही झालं नव्हतं.

आता आजीसाठी एक गंमत. ही समजायला मला सहा महिने लागले, म्हणून सविस्तर सांगते.

इथली माणसं घड्याळ उलटं वाचतात. उलटं म्हणजे काटे उलटे फिरत नाहीत. स्वाहिलीत दिवस रात्री बारानंतर सुरू होत नाही, सूर्य उगवला की सुरू होतो. हा विषुववृत्ताचा प्रदेश, त्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो आणि तसाच मावळतो. मग सूर्योदयानंतरचा पहिला तास म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. आपल्या घड्याळात तेव्हा सात. आठ वाजता त्यांचे दोन, नऊ वाजता तीन. संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून सुरुवात, फक्त पुढे ‘रात्रीचा’ असा शब्द जोडायचा. सोपी युक्ती अशी की छोटा काटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा बोलायचा. हातातलं घड्याळ आपल्यासारखंच नऊ दाखवतं, आणि माणूस त्याच्याकडे बघून शांतपणे तीन म्हणतो! त्यातून तो इंग्रजीत बोलत असेल तर कधी त्यांचे तीन, कधी आपले तीन. पहिल्याच महिन्यात एका ड्रायव्हरने सांगितलं, गाडी उद्या तीनला नाक्यावर येईल. मी जेवूनखाऊन आरामात अडीचला पोचले. गाडी सकाळी नऊपासून उभी, पार्किंगचे पैसे चढलेले, आणि ड्रायव्हर मलाच विचारतोय, ताई बरी आहेस ना? आजी, तू नाही का म्हणायचीस, “दिवस कासराभर वर आला तरी पोरगी लोळतेय”? तुला इथे एका दिवसात जमलं असतं. मी मात्र अजून प्रत्येकाला विचारते, सकाळचे तीन की दुपारचे, आणि लोक हसतात.

आता आबा, तुमचा प्रश्न. “तू तिकडे नेमकं करतेस काय, आणि ज्या कांद्याचे कागद तू करतेस तो आल्यावर तिथल्या शेतकऱ्याचं काय होतं?”

पहिला अर्धा सोपा आहे. तुम्हाला मुलुंडचा जकात नाका आठवतो ना? नाना काकांच्या ट्रकमध्ये बसून मुंबईला गेला होतात आणि अख्खी रात्र रांगेत काढली होतीत. एकाच राज्यातला माल एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा तर मधे पावती, तपासणी, चहापाणी. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि तो नाका उठला. इथे तेच काम देशादेशांमध्ये चाललंय. पूर्व आफ्रिकेच्या आठ देशांचा एक संघ आहे: केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि २०२४ पासून सोमालिया. त्यांच्या ठरावाप्रमाणे एकमेकांच्या देशात पिकलेल्या आणि बनलेल्या मालाला आयातकर लागत नाही. पूर्वी नमांग्याला टांझानियाच्या बाजूला ट्रक थांबायचा, सगळे कागद व्हायचे, मग दोनशे पावलं पुढे येऊन केनियाच्या बाजूला तेच सगळं पुन्हा. २०१८ च्या डिसेंबरात दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी येऊन नव्या पद्धतीचं उद्घाटन केलं. आता केनियाकडे येणारा ट्रक फक्त केनियाच्या इमारतीत थांबतो. टांझानियाचा अधिकारीही तिथेच, शेजारच्या खिडकीत बसलेला असतो. एक म्हणतो गेला, दुसरा म्हणतो आला.

मग माझी गरज काय? आबा, कर शून्य झाला तरी कागद सतराशे साठ. माल खरंच टांझानियात पिकला याचा दाखला, रोगकीड नसल्याचा दाखला, आयातीचा परवाना, वजन. एखाद्या कागदावरचा गोण्यांचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसला की ट्रक उभा, आणि कांदा उन्हात. ते जुळवणं म्हणजे माझी नोकरी. लहान व्यापाऱ्यांसाठी, म्हणजे बऱ्याचशा बायकाच, २००० डॉलरपर्यंतच्या मालाला एक साधा फॉर्म आहे, नाक्यावरच मिळतो, एजंट लागत नाही. कितीतरी जणींना तो ठाऊकच नसतो. ठाऊक असला तरी खिडकीपलीकडच्या साहेबाची भीती. त्या आडरानातून डोक्यावर माल घेऊन जातात. त्या वाटांना इथे म्हणतात ‘न्जिया झा पान्या’, उंदरांच्या वाटा. मोकळीक कायद्यात आहे आणि बाई उंदराच्या वाटेने. मी जमेल तेव्हा त्यांना फॉर्म भरून देते, त्याचे पैसे घेत नाही. हे ऑफिसात कुणाला माहीत नाही.

दुसरा अर्धा अवघड आहे. टांझानियात मांगोला म्हणून भाग आहे, सरोवराकाठचा, पाटाच्या पाण्यावर कांदा पिकवणारा. तो नैरोबीच्या बाजारात येतो आणि केनियाच्या कांद्यापेक्षा उजवा ठरतो. मी दोन्ही आणून घरी चिरून पाहिले. मांगोल्याच्या कांद्याची मान बारीक आणि कोरडी. इकडच्याची जाड, ओली, दोन आठवड्यांत कोंब. भाव आला की इकडचे माना पडायच्या आत उपटतात, सुकवायला जागा नाही, कांदा साठवायची चाळ म्हणजे काय ते पुष्कळांना माहीत नाही. मी एकाला आपल्या चाळीचा फोटो दाखवला तर म्हणाला, कोंबड्यांसाठी फार मोठी आहे.

पण हो, टांझानियाचा कांदा आला की इकडच्याचा भाव पडतो. तुमची शंका खरी होती. नाक्यावर ट्रक सुटला की माझं काम झालं म्हणून मी खूश होते, आणि त्याच आठवड्यात इकडच्या कुणा आबांच्या गोल्टीला, बारक्या कांद्याला, कुणी विचारत नसेल. हे मला दिसत नाही असं समजू नका.

फक्त एक सांगते, आणि हे मी पुस्तकातून नाही, घरातून शिकले. आपल्याला काय झालं होतं? २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, लासलगावचे लिलाव बंद. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच. मे २०२४ मध्ये उठवली तर शुल्क शिल्लक, आणि ते शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. मग गेल्या वर्षी बांगलादेशने स्वतःच्या शेतकऱ्याला सांभाळायला आपला कांदा बराच काळ अडवला. तेव्हा तुम्ही बांगलादेशला शिव्या घातल्यात आणि जेवताना म्हणालात, “पण त्यांचं सरकार शेतकऱ्याचं ऐकतं तरी.” म्हणजे तुम्हीही दोन्हीकडून बोलता, आबा! दार उघडं आहे की बंद, यापेक्षा ते उद्या कसं असेल हे माहीत नसणं जास्त मारतं. तसं आधी माहीत असतं तर तुम्ही त्या वर्षी दोन एकर कमी लावला असतात.

इथेही तेच. २०२१ च्या मार्चमध्ये केनियाने बुरशीच्या विषाचं कारण सांगून टांझानिया आणि युगांडाचा मका एका दिवसात बंद केला, आणि आठवडाभरात अटी घालून पुन्हा सुरू केला. तोवर ट्रक जिथल्या तिथे. कारण खरं असेल, मक्यात ते विष होतं तर तपासायलाच हवं, पण रस्त्यात असलेल्या गाडीने काय करायचं? २०१७ मध्ये तर टांझानियाने केनियातून आलेली कोंबडीची ६,४०० पिल्लं नमांग्याला जाळली, रोग पसरेल म्हणून. (आई, हे तू ऐकू नकोस.) आणि गेल्या जुलैत टांझानियाने परक्यांनी करायचे नाहीत असे १५ लहान धंदे जाहीर केले, त्यात शेतावर जाऊन माल विकत घेणंही आलं. आमच्याकडचे दोन व्यापारी वर्षानुवर्षं मांगोल्यात बांधावर बसून सौदा करायचे. आता मधे तिकडचा दलाल आला, आणि शेतकऱ्याच्या हातात किती पडतं ते तुम्ही मला सांगायला नको, मी तुम्हाला सांगायला नको. एका संघातले हे देश. १९७७ मध्ये हाच संघ असाच भांडून मोडला होता आणि ही सीमा सहा वर्षं बंद होती, पुन्हा उभा राहिला १९९९ च्या कराराने. घर एक, चुली आठ. मला हे लोक अगदी आपले वाटतात ते यामुळेच.

तर उत्तर असं, की माझ्या कामाने कुणाचं तरी नुकसान होतं आणि कुणाचं तरी भलं होतं, आणि ते कोण हे मला नाक्यावरून दिसत नाही. “तुम्हाला नाही कळायचं” हे मी परत घेते.

आता पैशाचं. ६०,००० रुपये दादाच्या खात्यात टाकलेत, लग्नाच्या हॉलसाठी. त्यातले सोसायटीच्या हप्त्याला वळवू नका, हप्त्याचे मेमध्ये वेगळे पाठवते. दोन वर्षांत सोसायटीचं कर्ज फेडू असं मीच म्हणाले होते, हे तिसरं चाललंय, मला विसर पडलेला नाही. आत्याच्या त्या चांदवडच्या स्थळाला नाही म्हणून सांगा. मुलगा चांगला असेल. पण “मुलगी परत येणार का” हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि “मुलगी काय करते” हा त्यांनी विचारलेलाच नाही.

दादाच्या लग्नाचं शेवटपर्यंत ठेवलं, कारण लिहायला हात होत नव्हता. अधिक महिन्यामुळे मुहूर्त जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. इथे त्याच आठवड्यात संघाचं नवं दरपत्रक येतं. बाहेरच्या मालावर सगळ्यांनी सारखाच कर लावायचा असं ठरलेलं आहे, पण दर वर्षी प्रत्येक देश आपापल्या सवलती मागून घेतो, ३० जूनला ते राजपत्रात छापून येतं आणि १ जुलैपासून लागू. त्या चार दिवसांत आमच्याकडे कुणालाच रजा नाही. मी दोनदा विचारलं, आबा. देवाशपथ, दोनदा.

३ जुलैला पोचते. करवलीचा मान मामाच्या मुलीला द्या, माझ्या कपाटातली हिरवी साडी तिला होईल, ब्लाउज उसवावं लागेल. आणि जागरण-गोंधळ लग्नानंतर लगेच उरकू नका. ४ किंवा ५ तारखेला घ्या. वाघ्या-मुरळीचं बोलणं मी आल्यावर करते, त्यांची सुपारी माझ्याकडून.

तुमची,
धाकटी

ता. क. सोबत चहाची दोन पाकिटं आहेत. आई, हा चहा कडक आहे, नेहमीपेक्षा निम्मी पावडर टाक.

आबा, पुढचं आजीला वाचून दाखवू नका. करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय. सही फेब्रुवारीतच केली.