पुदिना, बाळंतशेपा आणि तुझं नाक

सातारा, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "कोविड होऊन गेला, पण हिने केलेली कॉफी अजून रबर जाळल्यासारखी लागते." तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोडणीच्या वासावरून कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगणारा तू!

सध्या लेक बाळंतपणाला आलीय. काल ओट्यावर एकीकडे तिच्यासाठी बाळंतशेपा भाजत होतो, दुसरीकडे चटणीचा पुदिना निवडून ठेवला होता. एक वास उबदार, जरा कडवट. दुसरा हिरवागार, गार. पण दोन्हींच्या तेलात कार्व्होन नावाचाच रेणू भरपूर असतो. तेच अणू, त्याच क्रमाने जोडलेले. फक्त पुदिन्यातला रेणू हा बाळंतशेपातल्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब. डाव्या-उजव्या पायाच्या चपला जशा. इतकाच फरक, आणि नाकाला तो कळतो!

कसा, ते सांगतो. नाकाच्या आत अगदी वर, छताशी, मज्जापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तिथल्या प्रत्येक पेशीवर एकाच जातीचा गंधग्राही असतो. हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आत-बाहेर ओवलेलं असतं आणि त्या वळणांच्या मधे एक खोबण तयार होते. रेणू तिथे बसतो. खोबणीलाही डावं-उजवं असतं, म्हणून डावी चप्पल काही खोबणींत नीट बसते, काहींत नाही. रेणू बसला की पेशीची दारं उघडतात, बाहेरचे सोडियम-कॅल्शियम आत शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांत या ग्राहींची जनुकं शोधली. २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. उंदराकडे हजारभर जाती, आपल्याकडे सुमारे ४००.

मग ४०० जातींवर इतके वास कसे ओळखायचे? माझा जन्म शाळेत गेला, म्हणून मला ते वर्गासारखं दिसतं. प्रश्न विचारला की काही मुलं हात वर करतात. एखादा पोरगा बऱ्याच प्रश्नांना हात वर करतो, एखादी मुलगी एकाच विषयाला. मेंदू एका हाताकडे बघत नाही. कोणकोणते हात वर आहेत, ते सगळं चित्र बघतो. एक रेणू अनेक ग्राहींना जागवतो, एक ग्राही अनेक रेणूंना ओळखतो. वास म्हणजे ते चित्र. मोगऱ्यात इंडोल नावाचं रसायन असतं, विष्ठेतही असतं. थोडं असेल तर फुलासारखं वाटतं, जास्त झालं की नकोसं होतं. प्रमाण वाढलं की आणखी हात वर होतात आणि चित्रच बदलतं.

तुझ्या कॉफीचंही असंच काहीसं झालं असावं, असं मला वाटतं. हा विषाणू शिरतो तो मुख्यतः मज्जापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत, कारण त्याला लागणारं दार त्यांच्यावर असतं. आधार ढासळला की मज्जापेशींचे हाल होतात. वर्गातली बरीच मुलं गैरहजर; कॉफीच्या शेकडो रेणूंना जे हात उठायचे, त्यातले थोडेच उठतात. चित्र अर्धवट, म्हणून वास भलताच. पण या मज्जापेशी खालच्या थरातून जन्मभर नव्याने उगवत राहतात, रे. शरीरातल्या फार थोड्या मज्जापेशींना हे भाग्य आहे.

म्हणून एक कर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या संशोधकांनी २००९ मध्ये वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले. त्यांच्यात चांगली सुधारणा दिसली. घाईने नको. डोळे मिटून, एकेक वास, तो पूर्वी कसा यायचा ते आठवत हुंग. कंटाळलास तरी सोडू नकोस. आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवच.

सोबत दोन पुड्या पाठवतोय, वाळवलेला पुदिना आणि बाळंतशेपा. नावं घातलेली नाहीत. वहिनींना म्हणावं, तुझ्या नकळत एकेक समोर धरा. कुठली कोणती ते ओळखलंस, की रात्रीचे बारा वाजले असले तरी फोन कर.

तुझाच,
जुना बाकसोबती